शेवटचा डबा गेल्यावर

ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार.
लेस्कोव्हकाच्या खानावळीमागची खोली,
भिंतीवर व्लास्ताच्या घरची चादर, इस्त्रीच्या घड्यांसकट,
आणि प्रोजेक्टर माझ्या ताब्यात, कारण त्याचा पंखा
फक्त माझ्या थापटीला घाबरतो.
बाहेर बटाट्याच्या वावरांतला धूर
धुक्यात कधी मिसळतो ते कळत नाही.

पहिली पाळी राडोव्हानची.
पलीकडच्या खोऱ्यातली जुनी एकडबी मोटारगाडी,
लाल, पोटावर पिवळट पट्टा,
बीचच्या रानातून बाहेर पडता पडता पकडलेली.
त्यासाठी तो पहाटे चारपासून टेकडीवर.
चालकाच्या थर्मासचं झाकणसुद्धा दिसतं.
आम्ही सगळे “अहाहा” म्हणालो.
एवढं अहाहा त्याला महिनाभर पुरतं.

मग व्लास्ता. तिला गाड्यांचं काही नाही,
ती स्टेशनात उतरते आणि गाडीला जाऊ देते.
निळी एनॅमलची पाटी, कोपऱ्याचा टवका उडून
तिथे गंजाचं एक बेट.
पुठ्ठ्याचं तपकिरी तिकीट, मधोमध भोक.
काडेपेटीवरचं हरीण, दोनच रंगांत छापलेलं,
तिसरा रंग कागदाचा स्वतःचा.
“बघा,” ती म्हणाली, “गावाच्या नावातल्या र-वरचं हे टोपडं
कुणीतरी महिन्याच्या पगारावर, कंपास घेऊन आखलं.
आणि इतकं बरोबर, की कुणाच्या लक्षातच येऊ नये.”

शेवटी ओल्द्रिख.
वय एक्याऐंशी, स्लाइड्स बिस्किटांच्या डब्यात.
खुर्च्या सरकतात, कुणी ग्लास भरायला उठतं.
कारण त्याच्या एकाही फोटोत गाडी नसते.
तेच फाटक, तेच वळण, एकतीस शरद ऋतू,
पिवळे लार्च, रोवनचे लालबुंद घोस
आणि मधे रिकामे रूळ.
राडोव्हान दर वर्षी म्हणतो तेच म्हणाला,
“आजोबा, पुन्हा उशीर झाला!”

खोलीत एक पोरगी होती, आनेश्का,
घरी कुणी नाही म्हणून मावशीनं आणलेली.
ती चादरीजवळ जाऊन म्हणाली,
“पण पानं सगळी एकाच बाजूला का उडतायत?”

ओल्द्रिखनं दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.
तो फाटकावर होता.
गाडी येताना हातात झेंडा.
शेवटच्या डब्याचा दिवा पुढे जाईपर्यंत
झेंडा खाली घ्यायचा नाही, नियम.
मग गुंडाळायचा, काखेत धरायचा.
मग कॅमेरा.
“तोवर एवढंच उरायचं.”

मी डबा पुन्हा पहिल्यापासून लावला.
कुणी ग्लास भरायला उठलं नाही.
ही मालगाडी: पानं पार फाटकाच्या दांड्याइतकी वर.
ही कोळशाची, पानांवर काळी भुकटी.
ही चार डब्यांची, शाळा सुटतानाची,
पानं गुडघ्याएवढी.
ही दोन डब्यांची.
ही एका डब्याची, घोट्याएवढी, तीही आळसावून.
राडोव्हान पुढे वाकून बघत होता,
आणि हळू आवाजात, चूक की बरोबर देव जाणे,
इंजिनांची नावं सांगत होता.

शेवटची स्लाइड.
रुळांवर पानं निवांत पसरलेली,
एकही हवेत नाही. ऊन तिरपं, सुरेख.
“ही?” मी विचारलं.
“मार्ग बंद झाल्यानंतरची. वेळ तीच, चार वीस.
हात मोकळे होते.”

तिथेच प्रोजेक्टर अडकला. मी एक थापटी मारली,
मग दुसरी.
आनेश्का म्हणाली, राहू द्या, ही राहू द्या.
राडोव्हान दोन ग्लास घेऊन आला, एक त्याच्यापुढे ठेवला,
काही बोलला नाही, जे त्याला जमत नाही.

दहाला व्लास्तानं चादर उतरवली.
झटकली, घडी घातली.
तिला ती रात्री पलंगावर हवी होती.